सविताची शाळा आणि शेख गुरुजी

शेख गुरुजी पयल्यांदा आमच्या दारात आले तवा टोळी निघायची गडबड हुती. खर्ड्याजवळची आमची वाडी. दसरा झाला की मानसं ऊस तोडायला राहुरीकडं जातात. माझा ल्योक, सून निघालेली. सहावीतली नात सविता बी निघालेली, कडंवर तान्हा भाऊ घेऊन. आईबाप ऊस तोडनार, ही फडाच्या कडंला भाऊ सांभाळनार. शाळा एकदा अशी सुटली की मग पोरगी उजवायचीच घाई.

गुरुजींनी शिक्षनाचं महत्त्व सांगाया घेतलं. मी म्हनलं, “महत्त्व आमाला कळतंय. तान्हं कोन सांभाळील, ते सांगा.”

गुरुजी निघून न्हाई गेले, वट्यावर बसले. मग म्हनले, “आजी, तुम्ही का जात नाही?”

“अन् शेळ्या? पोरगी कुठं ठिवू?”

“दोन्ही आमच्याकडे.”

“घरात भाभींना इचारलं का?”

“आता जाऊन विचारतो.”

भाभी नगरच्या. शेळी त्यांनी लांबूनच बघितलेली. सांजच्याला सोता आल्या. “आजी, आधी ही धरायची कुठून ते दाखवा. हे काय, बोलून मोकळे.”

पोरगी कुनाच्या घरी ठिवली म्हनून गावात कुजबुज झाली. मी म्हनलं, ज्याला खुपतंय त्यानं आपल्या घरी न्यावी. कुनी आलं न्हाई.

मी गेले फडावर, पाचटात बसून नातू सांभाळला. गुरुजी रविवारी यष्टीनं सविताला भेटवायला आनायचे. आले की कोप्या-झोपड्यांतली बाकीची पोरं गोळा करून बसायचे. मुकादम म्हनला, “गुरुजी, कोयता धरता का?” गुरुजी म्हनले, “धरतो. तोवर तुम्ही यांचे पाढे घ्या.” मुकादम हसत सटकला. त्या पोरांना गुरुजींनीच तिथल्या शाळंत नेऊन बसवलं.

सविता आता नगरला नर्सिंग शिकती. तिच्याबरोबरीच्या कितीतरी पोरी लेकुरवाळ्या झाल्या. म्हनून मला चैन पडत न्हाई. गुरुजींना अठ्ठावन्न वर्सं पुरी झाली, नोकरी संपली. दसरा तोंडावर आलाय. नवे मास्तर चांगले हायेत, पन पोर आलं न्हाई की फोन लावतात. फडावर फोन कोन उचलतंय? घरात काय अडलंय ते आधी बघावं लागतं. गरिबाला शाळा नको असती असं न्हाई. गुरुजींना हे आमच्या वट्यावर कळलं, अन् पुन्हा कुठल्या दारात त्यांनी भाषन केलं न्हाई.

गावानं गुरुजींचा सत्कार ठिवलाय. मी येईन, पन लांबवू नका. गुरुजी, शाल घ्या, फोटो काढा अन् मोकळे व्हा. अल्ला तुमाला अन् भाभींना लई आयुष्य देवो, गुडघे धड ठेवो. आमच्या शेजारची शाळंतली मनीषा यंदा टोळीबरोबर निघालीय. कडंवर तान्हं भावंड हाय, अन् तिला आजी न्हाई. नव्या मास्तरांना घेऊन उद्याच तिच्या दारात या.