विजूदादाचा किल्ला आणि नंबराच्या जाहिराती

दारव्ह्याच्या जीप स्टँडवर सीट भरेपर्यंत दोनच कामं, गप्पा आणि मोबाईल. प्रवासी गावोगावी उतरून जातात, किस्से मात्र गाडीतच राहतात!

आम्ही सहा ड्रायव्हर एकच किल्ल्यांचा गेम खेळतो. आमच्या टोळीचा सरदार माझा मोठा भाऊ विजूदादा. दोन महिन्यांपूर्वी काविळीनं गेला. आठ दिवसांत. त्याची जीप माझ्याकडे आली, फोनही आला. गेममध्ये किल्ला पडला की सरदाराचं नाव पुसतात. मी स्टँडवर ओरडून सांगितलं, "दादाचं नाव पुसू देणार नाही! कोणी मधात आलं तर पाह्यतोच!"

आमच्यातलाच रफीकभाई म्हणाला, "मधात कोण येते बे? फक्त जाहिरात येते!"

*

दादाच्या तेरवीची पंगत बसली होती. सगळे गप्प. एवढ्यात माझ्या खिशातून जाहिरातीतली बाई किंचाळली, "अभिनंदन! तुम्ही जिंकलात!" मी खिसा दाबला, ती पुन्हा किंचाळली.

याडी, म्हणजे आमची आई, तेरा दिवस बोलली नव्हती. ती म्हणाली, "विजूचाच फोन होय थो. कधी चूप बसला?"

*

जाहिरात बंद करायची फुली तिळाएवढी, आणि आमच्या संतोष ड्रायव्हरचा अंगठा बटाट्याएवढा! फुली चुकायची आणि नवीन ॲप उतरायचं. एक दिवस त्याच्या बायकोला फोनमध्ये लग्न जुळवायचं ॲप सापडलं. ती थेट नेरवरून स्टँडवर आली.

"दाखवा, कसं चुकते थे!" तिनं स्वतः फुली दाबली. दुसरं लग्नाचं ॲप उतरलं. फोन परत देत म्हणाली, "नेरची गाडी कधी सुटते?"

*

रफीकभाईनं गेमला एकच तारा दिला. मत लिहायचा कंटाळा, म्हणून बोलून टाईप केलं. छापून आलं ते असं: "जाहिराती लय आहेत, डोकं दुखते, नेर नेर नेर, मावशी मांगं सरका, एक सीट बाकी."

खाली कोणीतरी विचारलं, "सीट आहे का अजून?"

*

एक जाहिरात पूर्ण पाहिली की किल्ल्याच्या भिंतीचा एक थर चढतो. मग आम्ही जीपसारखाच जाहिरातींचाही नंबर लावला. संतोषनं एकदा नंबर तोडला, तर त्याला दंड म्हणून दाताच्या मंजनाची जाहिरात चार वेळा पाहायला लावली. भिंत चार थर चढली!

*

बाजाराच्या दिवशी दादाच्या किल्ल्यावर हल्ला झाला. बाकीचे पाचही ड्रायव्हर रस्त्यावर. माझी गाडी फुल्ल, निघायची वेळ झालेली, आणि भिंतीचे पाच थर पडून एकच उरलेला. भरलेली गाडी आमच्या स्टँडवर कधीच थांबत नाही.

मागून एक मास्तर म्हणाले, "अहो, निघा ना!"

मी वळलो. "गुरुजी, दादाचं नाव पुसून राह्यले. पाच जाहिराती पाहू द्या."

पुढच्या सीटवरची मावशी दर बाजाराला दादाच्याच गाडीनं यायची. तिनं वांग्यांची पिशवी मांडीवर घेतली.

"लाव बाप्पा. कोणाले घाई असन त्यानं पायी जावं."

दहा माणसं माझ्या खांद्यावरून वाकली. पहिली जाहिरात साबणाची. दुसरी सिमेंटची. मास्तर मोठ्यानं सेकंद मोजायला लागले. चौथीला वैऱ्याच्या तोफा संपल्या. पाचवी लुगड्यांची, आणि भिंत पूर्ण उभी! पडद्यावर दादाचं नाव सोन्याच्या अक्षरात आलं. मी हॉर्न दाबून धरला, मागच्या पोरींनी टाळ्या वाजवल्या.

मावशीनं माझं मनगट धरलं. "वाचला न विजू?"

"वाचला, मावशी."

"मंग थे पाचवीतलं हिरवं लुगडं अजून एक डाव दाखव."