बापुजी ऑफ थई गया

हसायचं तर आत्ताच हसून घ्या, पुढं मी हसू देणार नाही. इंग्रजीच्या मास्तराला एका इंग्रजी शब्दानं कसं तोंडघशी पाडलं, त्याची ही गोष्ट.

नव्वदच्या सुमारास मी धुळ्याहून सुरतेत एका जुन्या शाळेत इंग्रजी शिकवायला लागलो. नोकरी कच्ची. त्या शाळेत शतकाच्या सुरुवातीला एक गोरा मास्तर होता. बायको नाही, पोरं नाहीत. जन्मभर ग्रामर शिकवलं आणि माडीवरच्या खोलीतच गेला. अजून पोरानं क्रियापद चुकवलं की माडीवर बूट वाजतात म्हणे!

हेडमास्तर म्हणाले, "शाळेच्या समारंभात त्या साहेबाच्या आयुष्यावर बोला. चांगलं बोललात तर कायम करू."

बोलणार काय, कपाळ? साहेबाला पाहिलेला एकच विद्यार्थी उरला होता, उधन्याचे बापूजी. उधना म्हणजे सुरतेचा रात्रंदिवस खडखडणाऱ्या लूमचा, यंत्रमागांचा भाग.

दिवेलागणीला पोचलो, तर लाइट गेलेली. सगळे लूम बंद. उधना आणि शांत! अंगावर काटाच आला. दारात पांढऱ्या कपड्यांतली माणसं मुकाट बसलेली.

"बापूजी हैं क्या?"

त्यांचा मुलगा हळूच म्हणाला, "बापुजी तो ऑफ थई गया."

ऑफ! म्हातारा माणूस, आडवे झाले असतील. होतील परत ऑन, घाई काय?

"कुछ हरकत नहीं," मी म्हटलं, "मैं पास में बैठता हूँ." त्यानं हात जोडले.

आत जमिनीवर बापूजी. उशाशी तुपाचा दिवा. लाइट नाही ना, म्हणून! तोंडावरून चादर. अहो, उधन्याचे डास तुम्हाला ठाऊक नाहीत!

मी कानाशी वाकलो. "बापूजी, साहब बहुत मारता था क्या?"

ऐकू कमी येत असेल. मोठ्यानं विचारलं. अंधारात कुणीतरी हुंदका दिला. दिव्याची ज्योत आडवी झाली, आणि माझ्या पाठीतून काहीतरी गार सरकलं.

तेवढ्यात लाइट आली. भिंतीपलीकडं लूम खडाडले, पायाशी पंखा भर्रकन फिरला आणि चादर छातीपासून वर उठली!

"उठले! बापूजी उठले!" मी बोंबललो.

मग काय पळापळ! बायका किंचाळत अंगणात, माणसं गल्लीत, एकजण तर थेट गटारात.

मुलगा तेवढा थांबला. त्यानं पंखा बंद केला, चादर नीट केली. "सर, ऑफ एटले गुजरी गया. हमणां ज." म्हणजे आत्ताच वारले होते!

फार वाईट वाटलं हो. साहेबाच्या अख्ख्या आयुष्याची आठवण त्या एका माणसाबरोबर गेली होती, आणि मी त्याच्या कानात ओरडत होतो.

बातमी हेडमास्तरांकडे माझ्याआधी पोचली. भाषण रद्द. तरी त्यांनी मला कायम केलं! इंग्रजी तेवढं काढून घेतलं आणि पी.टी. दिली.

म्हणाले, "तिथं शब्द लागत नाहीत, पाटील. नुसती शिट्टी वाजवा."