तव्याची भुकटी

दुकानात काजू घेतानाही मी पाकीट उलटं करून तळ बघते. संशय हा माझा जुना स्वभाव, आणि ओहायोत पीएच.डी. करताना त्याला चक्क पगार मिळायला लागला.

२००५ साली मी उल्केचे कण इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपखाली तपासत होते. साध्या स्फटिकात अणूंची नक्षी फरशीसारखी पुन्हा पुन्हा येते. क्वासिक्रिस्टलमध्ये शिस्त असते, पण नक्षी ठरावीक अंतराने परत येत नाही. असे पदार्थ तोवर फक्त लॅबमध्ये बनत. निसर्गात सापडल्याची खात्री कुणालाच नव्हती. एका सकाळी माझ्या एका कणाने पडद्यावर दहा ठिपक्यांचं कडं दाखवलं. ती क्वासिक्रिस्टलची खूण. मला आनंद झाला नाही, राग आला. कणात सुटा ॲल्युमिनियम धातू होता. निसर्गात तो बहुतेक ऑक्सिजनला चिकटलेलाच सापडतो, त्यामुळे तो असा आभाळातून पडेल हे मला पटेना.

शेजारच्या टेबलावरचा नागपूरचा मुलगा ॲल्युमिनियम, तांबं आणि लोखंड वितळवून क्वासिक्रिस्टल बनवायचा.

"तुझी पावडर माझ्या सॅम्पलमध्ये आली," मी म्हणाले.

"मी तुझ्या ड्रॉवरला टच पण नाही केलं यार."

मी सरळ प्रोफेसरांकडे गेले. त्यांनी त्याची लॅबची किल्ली काढून घेतली. त्याची डिग्री त्याच वर्षी व्हायची होती. काम ठप्प झालं.

आठवड्याने त्या कणाच्या रासायनिक तपासणीचा रिपोर्ट आला. कणात क्रोमियमही होतं. तो मुलगा त्याच्या पावडरीत क्रोमियम वापरत नव्हता, हे मला माहीत होतं. तरी मी गप्प बसले. त्याने मुद्दाम घातलं असेल, अशी स्वतःची समजूत घातली.

मग एकदा धिरड्यांचा तवा घासताना तारेच्या घासणीवर राखाडी भुकटी दिसली. आमच्याच लॅबमधली एक ताई डिग्री घेऊन जाताना कुकर-पोळपाटासकट तो तवा मला देऊन गेली होती. फ्रान्सच्या कॉन्फरन्सहून आणलेला, क्वासिक्रिस्टलचा मुलामा असलेला. तिने कौतुकाने सांगितलं होतं, मी विसरले होते. रोज सकाळी तो खसाखसा घासून त्याच स्वेटरमध्ये मी लॅबला जायचे. काखेत कळसा नि गावाला वळसा. भुकटी तपासली: तेच दहा ठिपके, तेच क्रोमियम.

प्रोफेसरांना सगळं सांगितलं. किल्ली द्यायला त्यांनी मलाच पाठवलं.

"क्रोमियमचा रिपोर्ट कधी आला?" त्याने विचारलं.

"दहा दिवस झाले."

त्याने किल्ली खिशात टाकली. त्यानंतर तो पाणी प्यायला उठला तरी स्वतःच्या ड्रॉवरला कुलूप लावून जायचा. मी समोरच बसलेली असायचे.