बाबांच्या उजव्या बाजूला

आई गेली तेव्हा मी नुकती मॅट्रिक झाले होते. पुढं शिकायचं राहून गेलं आणि राजारामपुरीतल्या आमच्या दोन खोल्यांचा कारभार माझ्यावर आला. घरात बाबा आणि मी, दोघंच. बाबांचं उद्यमनगरात लेथचं लहानसं वर्कशॉप होतं. संध्याकाळी ते हातपाय धुऊन जेवायला बसत. मी त्यांच्या डाव्या हाताला, स्टोव्हजवळ. "आमटी जमली का हो?" मी विचारायची. ते खाली मान घालून भाकरी मोडत राहायचे. कधी वाटीकडं बोट दाखवायचे, एवढंच. वर्षानुवर्षं मी त्यांच्या एका शब्दासाठी स्वयंपाक केला.

मग बाई आल्या. चाळिशी उलटलेल्या, शाळेत शिक्षिका. भावंडांना मार्गी लावता लावता स्वतःचं लग्न राहून गेलेलं. शिलाई मशीनचा मोडलेला दांडा करून घ्यायला त्या वर्कशॉपवर आल्या होत्या. दांडा झाला, तरी त्यांचं येणं थांबलं नाही. बाबा रोज दाढी करायला लागले. कपाटातला चांगला शर्ट आपणहून काढून घालायला लागले. एकदा मी डबा घेऊन गेले, तर आतून हसण्याचा आवाज आला. बाबांचा. आई गेल्यापासून तो मी ऐकला नव्हता. डबा स्टुलावर आपटून मी परत फिरले.

चैत्राआधीच्या एका रविवारी बाबा म्हणाले, "जोतिबाला जाऊन येऊ. बाई पण येणार हाईत." एस.टी.त मी मुद्दाम पुढं घुसून बाबांच्या शेजारची जागा धरली. पायऱ्या उतरतानाही मी त्यांच्या डावीकडून हटले नाही. बाई मागून आल्या आणि वळसा घालून त्यांच्या उजव्या हाताला गेल्या. नारळाच्या दुकानापाशीही तेच, देवळातून बाहेर आल्यावरही तेच. माझ्या डोक्यात तिडीक गेली. बाबा चपला शोधत होते तेव्हा मी म्हटलं, "बाई, तुम्हाला तीच बाजू लागते व्हय?"

त्यांनी आवाज खाली आणला. "डाव्या कानानं त्यांना ऐकू येत नाही ना, म्हणून."

आयुष्यभर ज्यांच्या घरात वाढले त्यांच्याबद्दल ही बाई मला सांगत होती. शरम वाटायला हवी होती. पण मला तिचा राग आला, जळजळीत राग. माझ्या बाबांची एक गोष्ट तिनं माझ्याआधी घेतली होती.

घरी आल्या आल्या मी बाबांच्या समोर उभी राहिले. "मला का न्हाई सांगितलं?"

ते भिंतीला टेकून खाली बसले. मग म्हणाले, "शाळेत मास्तरनं थोबाडीत मारलीती. तवापास्नं डावा कान गेला. पोरं बहिऱ्या म्हणून वरडायची. मग कुणाला सांगितलंच न्हाय. तुझ्या आईला ठावं हुतं. ती गेली, आन् ठावं असणारं माणूसच संपलं."

"मग बाईंना सांगितलंत ते?"

"सांगितलं न्हाय की. तिचं तिनं वळखलं. आन् हसली न्हाय."

माणसं एकमेकांवर का जीव टाकतात, याचं मला कळलेलं उत्तर इतकंच आहे. त्या दिवशी मात्र मला ते उत्तर नको होतं. मीही हसले नसते. मला संधीच मिळाली नव्हती.

बाबा बाईंशी लग्न करणार हे कळताच आत्या, बाबांची थोरली बहीण, गावाहून तणतणत आली. "पोरगी लग्नाची झाली, आन् तू बाशिंग बांधतोस व्हय रं? लोकं तोंडात शेण घालतील!" मग माझ्याकडं वळून म्हणाली, "तू तरी बोल की गं!"

बाबांनी माझ्याकडं पाहिलं. जत्रेत एकटं पडलेलं पोर बघतं तसं. मला नको म्हणायचं होतं. तोंडातून निघालं, "त्यांच्या मनात हाय तर करू द्या."

लग्न झालं. आठ-दहा दिवसांनी एका संध्याकाळी मी वांग्याची भाजी केली आणि बाईंनी पानं वाढली. त्या बाबांच्या उजवीकडं बसल्या. बाबा घास घेऊन त्यांना म्हणाले, "भाजी लई झकास झालीया."

"मी फक्त वाढली," बाई म्हणाल्या. "केली हिनं. रोज विचारते ती तुम्हाला, कशी झाली म्हणून."

बाबांचा हात ताटातच थांबला. मान पुरती वळवून त्यांनी मला विचारलं, "रोज?"

मी मान हलवली. इतकी वर्षं वाट पाहिलेलं कौतुक अखेर माझ्या पानात पडलं होतं, आणि तेही वाढलं होतं तिनं. डोळ्यांत पाणी आलं ते आनंदाचं होतं की जळफळाटाचं, आजही सांगता येत नाही. बाईंनी न बोलता माझ्या भाकरीवर लोण्याचा गोळा ठेवला. मी तो खाल्ला.