बत्तीस ठेवणाऱ्या विनयाताई

विनयाताई दार उघडायच्या ते नेहमी डाव्या हातानं, कारण उजव्या मुठीत बोर्डावर फेकायचे तीन डार्ट असायचे. कुरिअरवाला असो की सोसायटीचे सेक्रेटरी, ती पोलादी टोकं समोर दिसली की माणूस आपोआप मागे सरायचा. मीही सरले होते. कोलकात्यात डमडमच्या त्या इमारतीत मी नुकती राहायला आले होते. न्यू टाउनच्या ऑफिसात दिवसभर डोकं पिकवून घरी यावं, तर हॉलच्या भिंतीपलीकडून ठक, ठक, ठक. चारदोन दिवस सोसलं आणि मग भांडायलाच गेले. मी तोंड उघडायच्या आत त्या म्हणाल्या, "तूच ना ती मुक्ता? पाटी वाचली दारावरची. बरं झालं आलीस, मराठी बोलायला कुणी नाही इथे. ये, आकडे सांग मला." भांडण राहिलं ते राहिलंच.

डार्ट म्हणजे बारमध्ये बसणाऱ्यांचा वेळ घालवण्याचा उद्योग, अशी माझी समजूत होती. विनयाताईंचा तो पेशा होता. यजमानांच्या, श्रीकांतरावांच्या, बँकेतल्या बदल्यांमागून फिरत त्या कोलकात्याला आल्या, बँकेच्या क्लबात कंटाळा घालवायला पहिला डार्ट उचलला, तेव्हा चाळिशी जवळ आली होती. पुढे शाळेतली नोकरी सोडली. बंगालकडून खेळल्या, मग देशाकडून. बँकॉक, मनिला करून आल्या. कंपन्यांच्या क्लबांतून शिकवायच्या. "मी हौशी नाही गं, धंदेवाईक आहे," असं त्या मान ताठ करून सांगायच्या आणि श्रीकांतराव पेपराआडून म्हणायचे, "हे जरा हळू सांगत जा."

खेळ त्यांनी मला एका संध्याकाळी शिकवला. पाचशेएकपासून वजा करत नेमकं शून्यावर यायचं, आणि शेवटचा डार्ट बोर्डाच्या कडेच्या अरुंद पट्टीत, म्हणजे डबलमध्येच बसला पाहिजे. "म्हणून शेवटी बत्तीस ठेवायचे," त्या म्हणाल्या. "डबल सोळा. पट्टी चुकून डार्ट आत पडला तर सोळा जातात, सोळा उरतात. मग डबल आठ. तेही चुकलं तर डबल चार. बत्तीस ठेव मुक्ता, चुकलं तरी निम्मं उरतं." हे वाक्य त्या कशालाही लावायच्या. नारळ अर्धा नासका निघाला, श्रीकांतरावांची रजा अर्धीच मंजूर झाली, माझं लग्न मोडलं, तरी बत्तीसच. त्या शेवटच्या वेळी मला त्यांचा भयंकर राग आला होता, हेही सांगून टाकते.

त्यांच्या खेळात एक रीत आहे. हरलेला घरी जात नाही. पुढच्या सामन्याला तो मार्कर होतो. बोर्डाशेजारी उभं राहायचं, दुसऱ्याचे आकडे पुकारायचे, फळ्यावर वजाबाकी करायची. चेहऱ्यावरची माशीही हलता कामा नये. मला हा शुद्ध छळ वाटायचा. विनयाताईंना त्यात काही विशेष वाटत नसे. "हरल्यावर काय, पाय मोडतात का?" त्या विचारायच्या.

मग भिंतीपलीकडचा तो आवाज बिघडला. ठक, ठक, आणि तिसरा येईचना. मी हातातला चमचा तसाच धरून थांबायचे. बऱ्याच वेळानं यायचा तो कसातरीच, उशिरा. एकदा चहाला गेले तर श्रीकांतराव बाल्कनीत पाठ करून उभे होते आणि विनयाताई डार्ट फेकायच्या रेघेवर. हात डोळ्यांपर्यंत गेला, पुढे आला, थांबला. परत मागे, परत पुढे. बोटं उघडतच नव्हती. दुखत नव्हतं, थरथरत नव्हतं; डॉक्टरांना काही सापडलं नव्हतं. हा डार्टवाल्यांचाच आजार आहे म्हणे, हात ऐन वेळी सोडायचं विसरतो. "अख्ख्या घरात बघ," त्या म्हणाल्या, "कपबशी सुटते, मोबाइल सुटतो. हाच तेवढा सुटत नाही." मी हसले, त्या हसल्या नाहीत.

त्यात श्रीकांतरावांची भोपाळला बदली ठरली आणि भारतीय संघाची निवड चाचणी जवळ आली. आधीच्या दोन चाचण्यांत त्या वगळल्या गेल्या होत्या. यावेळी जेवताना, माझ्यादेखत, त्यांनी सांगून टाकलं, "झाली निवड तर ठीक. नाही तर डार्ट देऊन टाकीन आणि भोपाळला मुकाट्यानं पापड लाटीन." श्रीकांतरावांनी माझ्याकडे पाहिलं. विनयाताईंना पापड लाटता येत नाहीत हे आम्हा दोघांना माहीत होतं.

चाचणी बालीगंजच्या एका क्लबात होती. अंतिम फेरी गाठणाऱ्या दोघी संघात जाणार होत्या. उपान्त्य सामन्यात विनयाताईंच्या समोर मौसुमी होती, औषधाच्या दुकानात काम करणारी हावड्याची मुलगी, शांत आणि पक्की. बरोबरी होत होत सामना निर्णायक डावावर आला. विनयाताईंचे बत्तीस उरले होते. मी श्रीकांतरावांकडे पाहिलं तर त्यांनी डोळे मिटून घेतले होते.

पहिला डार्ट. हात पुढे, मागे, पुन्हा पुढे. हॉलमधला पंखासुद्धा ऐकू यायला लागला. सुटला तो आत, सोळा उरले. दुसरा, आठ उरले. तिसऱ्याला बोटं इतकी आवळली की डार्ट बोर्डाबाहेर जाऊन पडला. मौसुमी आली, आकडे कमी करून गेली. पुन्हा विनयाताई. आठाचे चार झाले. चाराचे दोन. आता डबल एक, बोर्डाच्या माथ्याजवळची एवढीशी चीर. आणि दोनचं निम्मं उरून उपयोग नसतो. एक उरला तर डबलनं संपवता येत नाही, सगळी पाळी बाद होते, पुन्हा आठ. हे मला त्यांनीच शिकवलं होतं. त्या रेघेवरून मागे आल्या, साडीचा पदर खोचला, परत उभ्या राहिल्या. हात गेला आणि थांबला. कुणीतरी खोकलं. मी मनातल्या मनात ओरडत होते, सोडा, ताई, सोडा.

सुटला. एक.

मार्कर म्हणाली, "बस्ट." मौसुमीनं पुढच्या डार्टला सामना संपवला आणि वळून विनयाताईंच्या पाया पडायला वाकली. त्यांनी तिला मध्येच धरलं.

अंतिम सामन्याची तयारी सुरू झाली तशी त्या फळ्याकडे निघाल्या. आयोजकांपैकी एक वयस्कर गृहस्थ लगबगीनं आडवे आले. "दीदी, थाक ना. आज अन्य केउ करबे." राहू दे, आज दुसरं कुणी करेल.

"केनो?" विनयाताईंनी विचारलं. "हेरेछि तो आमि." का? हरले तर मीच आहे ना.

आणि त्या उभ्या राहिल्या. मौसुमीचे आकडे खणखणीत पुकारले, वजाबाकी एकदाही चुकली नाही. त्यांच्या हाताशेजारून डार्ट सूं करत बोर्डात जात होते आणि त्यांची पापणी लवत नव्हती. मला मात्र तिथे बसवेना. मी बाहेर येऊन व्हरांड्यात रडले.

त्यानंतर भिंत गप्प झाली. ज्या आवाजासाठी मी भांडायला गेले होते तो आता यावा म्हणून मी टीव्ही बंद करून बसायचे. पलीकडे खोकी ओढल्याचे, चिकटपट्टी फाडल्याचे आवाज यायचे. डार्ट कुणाला दिले, हे विचारायचा धीर होईना.

मग एका संध्याकाळी ठक झालं. मोठ्या अंतरानं दुसरा आवाज, पण भलताच, भिंतीचा गिलावा उडाल्यासारखा. नंतर फरशीवर काहीतरी खणकन पडलं. पुन्हा गिलावा. माझ्या बाजूच्या भिंतीवरचं कॅलेंडर हललं. मी तशीच धावले आणि बेल दाबली.

आत कडी उघडायला वेळ लागला. विनयाताईंनी दार उघडलं. हॉलभर खोकी, त्यांच्या मागे बोर्ड, आणि बोर्डाभोवती देवीचे व्रण उठल्यासारखी भिंत. श्रीकांतराव आकडे पुकारायला सोफ्यामागे उभे होते.

"ताई, अहो घरमालक काय म्हणेल?" माझ्या तोंडून एवढंच निघालं.

"म्हणू दे," त्या म्हणाल्या. त्यांच्या केसांत चुना होता. "उजवा गेला गं. पण निम्मं उरलंय ना?"

तेव्हा माझं लक्ष गेलं. दार त्यांनी उजव्या हातानं उघडलं होतं; तीन डार्ट डाव्या मुठीत होते.