ठराव वाचणारी व्हर्ना

व्हर्ना टॉलिव्हर एकतीस वर्षं कॉटर फ्लॅटच्या पोस्टात होती. निवृत्त झाली, तरी गावाने तिला मोकळं सोडलं नाही. ऑक्टोबरात राज्याकडून मतदारांची जाडजूड पुस्तिका घरोघरी आली की अर्धं गाव ती न उघडताच काखेत मारून तिच्या दाराशी यायचं. उमेदवारांबद्दल कुणी काही विचारत नसे, ते जो तो आधीच ठरवून बसलेला असे. घोडं अडायचं ठरावांपाशी. ओरेगन राज्यात दर खेपेला पाच-सहा कायदे थेट लोकांपुढे मताला यायचे, आणि त्यांची भाषा अशी की अख्खा ट्रॅक्टर सुटा करून पुन्हा जोडणारा एल्डन फ्रेझरही दुसऱ्या ओळीत हात टेकायचा. 'हो' म्हटलं तर कायदा राहतो की जातो, इथपासूनच सुरुवात.

व्हर्ना पुस्तिका पहिल्या पानापासून वाचायची, पेन्सिल हातात घेऊन. बाजूने कोण लिहितंय, विरुद्ध कोण लिहितंय, खाली नाव कुणाचं, सगळं. मग येईल त्याला स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसवायची, कॉफी ओतायची आणि एकेक ठराव साध्या शब्दांत उलगडून सांगायची. तुझं मत काय, असं विचारलं तरच ते सांगायची. पण विचारायचे सगळेच. आपल्यावाचून गावाचं अडतं, याचा तिला थोडा तोरा होता.

त्या वर्षीचा चौथा ठराव तिला सगळ्यात सोपा वाटला. निवासी केंद्रातल्या आजारी आणि परावलंबी माणसांना औषधं द्यायची ती परवाना असलेल्या नर्सनेच, एवढीच मागणी. पर्वतापलीकडच्या एका शहरात कुणा म्हातारीला दुसऱ्याच्या गोळ्या दिल्या गेल्या आणि ती दगावली होती. तिच्या मुलीने पुस्तिकेत एक पान लिहिलं होतं. व्हर्नाने ते दोनदा वाचलं. विरुद्ध बाजूने एकच मजकूर होता, तोही केंद्रांच्या मालकांच्या कुठल्याशा संघटनेचा. तो वाचून तिने मान हलवली आणि पान उलटलं.

तिचा भाऊ लायल एकोणसाठ वर्षांचा होता. जन्मापासूनच त्याची समज सात-आठ वर्षांच्या मुलाएवढी, शिवाय अधूनमधून फिट यायची, म्हणून दोन वेळा गोळ्या. आई गेल्यापासून, म्हणजे एकोणीस वर्षं, तो गावाबाहेर ट्रूडी क्विगलीच्या घरी राहत होता. त्याच्यासारखे आणखी तिघं तिथे होते. ट्रूडी त्यांना जेवूखाऊ घालायची, रागवायची, चर्चला न्यायची आणि वेळेवर गोळ्या द्यायची.

मत लायललाही होतं, आणि टपालाने घरी येणारी मतपत्रिका म्हणजे त्याचा सण. उमेदवार तो स्वतःच निवडायचा, बहुधा नाव आवडलं म्हणून. ठराव मात्र व्हर्नाने वाचून दाखवायचे.

"गोळ्या चुकू नयेत म्हणून नर्स असावी का?" तिने त्याला विचारलं.

"ट्रूडी नाही चुकत."

"ट्रूडी नाही चुकत रे. पण दुसरीकडे चुकतात. एक आजी मेली त्यात."

लायलने बराच विचार केला. "मग हो," तो म्हणाला, आणि 'हो'पुढचा गोल त्याने काळ्या शाईने, रेषेबाहेर तसूभरही न जाता भरला. पाकिटावर सही केली. दोघांची पाकिटं व्हर्नाने त्याच दुपारी कोर्टाबाहेरच्या पेटीत टाकली.

मतदान संपायला सहा दिवस उरले असताना ट्रूडी आली. तिने कोटही काढला नाही.

"चौथा ठराव तू वाचलास ना?"

"वाचला. चांगला आहे."

"आम्ही पण त्यात येतो, व्हर्ना."

व्हर्नाने पुस्तिका काढली. ठरावाचा मूळ मजकूर मागे बारीक अक्षरात होता. तो तिने वाचलेला होता, समासात पेन्सिलीची खूणही होती. दुसऱ्या कलमात लिहिलं होतं, की 'निवासी केंद्र' याचा अर्थ अमुक क्रमांकाच्या कायद्यात दिल्याप्रमाणे. तो कायदा पुस्तिकेत कुठेच छापलेला नव्हता. त्याची प्रत ट्रूडीने आणली होती. नात्यात नसलेली दोन किंवा अधिक परावलंबी माणसं जिथे राहतात ते निवासी केंद्र, असं त्यात स्वच्छ म्हटलं होतं. सबंध परगण्यात नर्स होत्या नऊ, आणि त्या सगळ्या इस्पितळात. ट्रूडीच्या घरी सकाळ-संध्याकाळ यायला कोण मोकळी होती?

"मला वाटलं, तुला हे माहीत असणार," ट्रूडी म्हणाली. "सगळे म्हणतात, व्हर्नाने वाचलंय."

व्हर्ना तशीच गाडीत बसून कोर्टाच्या इमारतीतल्या निवडणूक कचेरीत गेली. निवडणुकीचं काम बघणारी मारिबेल ओचोआ तिला लहानपणापासून ओळखत होती. तिने सगळं ऐकून घेतलं.

"मिसेस टॉलिव्हर, पाकीट एकदा आमच्याकडे जमा झालं की ते मत झालं. परत नाही देता येत."

"उघडलेलं नाहीये ना अजून?"

"नाही. पण तरी नाही."

"आणि लायलचं?"

"त्यांचंही तसंच." मारिबेलने काचेखालून हात पुढे करून तिच्या हातावर ठेवला. त्यापेक्षा जास्त तिच्या हातात काही नव्हतं.

पुढचे तीन दिवस व्हर्ना घरोघर फिरली. आपल्या टेबलाशी कोण कोण बसून गेलं ते तिने आठवून आठवून काढलं. बहुतेकांची पाकिटं कधीच गेली होती. काही जण एल्क हरणांच्या शिकारीला डोंगरात गेले होते, तिथे फोन लागत नव्हता. एल्डनची मतपत्रिका मात्र फ्रिजवर चुंबकाखाली तशीच होती. त्याने तिचं बोलणं शांतपणे ऐकलं.

"मागल्या आठवड्यात तू 'हो' म्हणालीस," तो म्हणाला. "आज 'नाही' म्हणतेस. तुला बोल लावत नाही मी. पण तुलाच कळेना तर मला काय कळणार? मी तो कोराच सोडतो."

ती पुढच्या घराकडे निघाली.

ठराव मोठ्या फरकाने मंजूर झाला. शहरांनीच तो उचलून धरला होता. कॉटर फ्लॅटच्या सगळ्यांनी 'नाही' म्हटलं असतं तरी निकाल हलला नसता, हे तिने आकडे पाहून ताडलं, पण त्याने तिला हलकं वाटलं नाही. दुसऱ्या दिवशी ती ट्रूडीकडे गेली तेव्हा लायल अंगणात वाट पाहत उभा होता. त्याने रेडिओवर ऐकलं होतं.

"आपला जिंकला," तो म्हणाला. "गोळ्यांचा."

ट्रूडी दारात उभी होती. ती आत निघून गेली. व्हर्नाने लायलच्या कोटाची वरची गुंडी लावली आणि म्हणाली, "हो, जिंकला."

ट्रूडीने वसंतापर्यंत धडपड केली. अर्ज केले, सवलत मागितली, फोनवर तासन्‌तास ताटकळली. एप्रिलमध्ये घर बंद झालं. चौघं चार गावांना गेले. लायलला जागा मिळाली ती पर्वतापलीकडे, गाडीने सहा तासांवर.

व्हर्ना महिन्यातून एकदा जायची. जागा स्वच्छ होती. नर्स गोड स्वभावाची होती, लायलच्या मनगटावरची पट्टी तपासून मगच गोळी द्यायची, आणि एकदाही चुकली नव्हती. व्हर्नाने प्रत्येक खेपेला खोट शोधली. ती सापडली असती तर तिला बरं वाटलं असतं.

"घरी कधी?" लायल सुरुवातीला विचारायचा. पुढे त्याने विचारणं सोडून दिलं.

हिवाळ्यात घाट बंद झाला की फक्त फोन. लायलला फोनवर फारसं बोलता येत नसे. तो नुसता कानाला लावून धरायचा आणि त्याचा श्वास ऐकू यायचा. व्हर्ना काही तरी सांगत राहायची, बर्फ किती पडलं, एल्डनची गाय व्याली, चर्चमध्ये ॲपल पाय कुणी आणले. सांगण्यासारखं सगळं संपायचं.

"ठेवू?" तो विचारायचा.

"थांब जरा," ती म्हणायची, आणि दोघंही न बोलता फोन धरून बसायची.