दहा चिंचोके आणि मास्तरांचा पगार

रविवार, ३ डिसेंबर १९६१. रक्कम एकशे दहा रुपये, म्हणजे आमच्या शाळेच्या विज्ञानाच्या मास्तरांचा नोव्हेंबरचा पगार. हजर: शाळा समितीचे अध्यक्ष, म्हणजे गावातले मोठे खातेदार, पुण्यातली वकिली सोडून गावी राहायला आलेले वकीलसाहेब, सत्तरी ओलांडलेले आबा, खजिनदार म्हणून मी, आणि दाराशी उभे मास्तर. शाळा गावाच्या वर्गणीवर चालायची. त्यामुळे पगार द्यायचा की अडवायचा हे आम्हा चौघांच्या हातात होतं.

मास्तरांनी नववीला उत्क्रांती शिकवली होती. सगळे सजीव एकमेकांचे नातलग, माणूससुद्धा, असं. वकीलसाहेबांच्या मते हे तर्कालाच सोडून होतं.

"माकडापासून माणूस झाला, तर आज माकडं शिल्लक कशी?"

"आजच्या माकडापासून झाला असं मी म्हटलं नाही," मास्तर म्हणाले. "दोघांचा पूर्वज एक."

"म्हंजी चुलतघराणं," आबा म्हणाले. "धरणात जमीन गेली तवा माजं चुलतं खालच्या गावाला गेलं. म्हणून मी हितं न्हाई व्हय?"

अध्यक्ष हसले. वकीलसाहेबांनी दुसरा मुद्दा काढला. डोळा हळूहळू घडला म्हणता, तर अर्धा डोळा काय कामाचा?

आबांच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू होता. "वकीलसाहेब, अर्ध्या डोळ्यावर म्या तीन वर्सं बांधावनं चालतोय. लई कामाचा हाय."

"पोरांना जनावराची औलाद म्हणा, म्हणजे ती जनावरासारखी वागतील!" वकीलसाहेब म्हणाले.

"आत्ता कशी वागत्यात?" अध्यक्ष म्हणाले.

एखादी गोष्ट खरी निघाली तर परिणाम वाईट होईल, एवढ्यानं ती खोटी ठरत नाही, हे मला तेव्हाही दिसत होतं. तोटा दिसतो म्हणून बेरीज बदलत नाही. तिथवर वकीलसाहेब हरतच होते. त्यांना मी वाचवलं.

मी म्हणालो, हिशेब करून पाहू. दहा चिंचोके फोडले की वीस फाका होतात, प्रत्येकीची एक बाजू पांढरी, एक काळी. वीसही एकदम टाकल्या आणि सगळ्या पांढऱ्या पडल्या, असं दहा लाख अठ्ठेचाळीस हजार पाचशे शहात्तर वेळांत सरासरी एकदा होईल. ह्या नुसत्या वीस फाका. डोळ्याचे भाग किती, आणि ते आपोआप जुळायला किती वेळा टाकावं लागेल? मी हे पाठीमागे हात बांधून, सावकाश सांगितलं. मला माझा आवाज आवडत होता.

मास्तर म्हणाले, "गणित बरोबर आहे. प्रश्न चुकीचा घेतलाय."

गणित बरोबर असून प्रश्न चुकीचा कसा, हे मला अपमानासारखं लागलं. वकीलसाहेब मात्र खुर्चीतून उठले. "आता आकड्यापुढे बोला!" ठरलं असं की, 'मी शिकवलं ते चूक होतं' असं मास्तरांनी लिहून द्यावं; तोवर पगार थांबेल. मास्तरांची बायको बाळंतपणाला माहेरी गेली होती आणि तिकडची मनीऑर्डर ह्याच पगारातून जायची. हे आम्हा चौघांनाही ठाऊक होतं.

मंगळवारी मी खळ्यावर गेलो. बायको पुढच्या सालच्या बियाण्याच्या लोंब्या वेगळ्या काढत होती.

"अहो, उन्हात कशापायी हुबं ऱ्हायलात? सावलीला या," ती म्हणाली. मग एक लोंबी माझ्यापुढं धरली. "बगा, कुसळ. म्या नांदाया आले तवा निम्म्या लोंब्या अशा व्हत्या. आता हुडकावी लागती."

"एका वर्षात गेल्या?"

"एका वर्सात कशा जातील? दर साली बरं आसंल ते ठिवायचं, त्येच्याम्होरं निवडायचं. पुन्ना पयल्यापासनं कोन करतंय?"

मी तसाच घरी आलो. चिंचोके फोडले, वीस फाका ओसरीवर टाकल्या. अकरा पांढऱ्या. त्या तशाच ठेवल्या, उरलेल्या नऊ उचलून टाकल्या: चार. मग पाचांत तीन, दोनांत एक, एकदा काहीच नाही, आणि सहाव्या खेपेला शेवटची. सहा वेळा. मी दहा लाख सांगितले होते. दर वेळी सगळ्या फाका उचलायच्या, जमलेलं मोडायचं, हे मी मनानं घातलं होतं. मास्तरांनी तसं शिकवलंच नव्हतं. पुन्हा टाकल्या. सात वेळा. पुन्हा, पाच.

बुधवारी मी शाळेच्या फाटकापर्यंत गेलो आणि परत फिरलो. गुरुवारीही. वकीलसाहेब रस्त्यात भेटले की "आमचे गणिती" म्हणायचे आणि मी नुसती मान हलवायचो. जेवणात लक्ष लागेना. दुकानाचा हिशेब दोनदा चुकला. रविवारच्या बैठकीत सांगू, तेच रीतसर, असं मी स्वतःला समजावत होतो. खरं कारण लाज होती.

रविवारी, दहा तारखेला, मी तोंड उघडायच्या आधी मास्तरांनी टेबलावर कागद ठेवला. 'मी शिकवले ते चुकीचे होते.' खाली सही.

मी उभा राहिलो आणि चूक माझी होती असं सांगितलं. फाका टाकून दाखवल्या. वकीलसाहेब ऐकून घेऊन म्हणाले, "तुमच्या बियाण्याला निवडायला तुमची बायको आहे. तिला डोकं आहे. रानात निवडायला कोण बसलंय?"

आबांनी काठी आपटली. "रानाकडंच्या खाचरात माजं भात बगा. समदं कुसळाचं. बिनकुसळाचं डुकरं खाऊन जात्यात, कुसळ त्यांच्या घशाला टोचतं. ऱ्हायलेल्याचंच बी म्या पेरतो."

"म्हणजे डुकरं बियाणं निवडतात?" वकीलसाहेबांनी विचारलं.

"निवडत कशाला बसत्यात? खात्यात. ऱ्हाईल ते ऱ्हाईल."

अध्यक्ष बराच वेळ हसत राहिले. मग म्हणाले, "पगार द्या. कागद मास्तरांना परत." वकीलसाहेबांनी विरोध नोंदवायला सांगितला, मी तो नोंदवला. ते उठून गेले.

मास्तरांनी कागदाची घडी केली, पण फाडला नाही. मला हळूच विचारलं, "हे तुमच्या केव्हा लक्षात आलं?"

"मंगळवारी."

"मी सही शुक्रवारी केली," ते म्हणाले.

पावतीचं दहा नव्या पैशांचं तिकीट मी माझ्या खिशातून लावलं. त्यांनी सही केली, पैसे न मोजता खिशात घातले. नोव्हेंबरचे एकशे दहा रुपये, दहा डिसेंबरला, मास्तरांना, रोख.